राखणीची पेटी

कंप्युटरच्या दुकानात काखेत पुठ्ठा मारून शिरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे कोळेकर. पुठ्ठा साध्याच खोक्याचा, पण कात्रीने नीट कापलेला. दुकानदार जी पेटी पुढे करील तिच्यासमोर ते तो धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि "न्हाई बसत" म्हणून पेटी हलकेच मागे सरकवायचे. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक थट्टा करतंय. मलाही तसंच वाटलं, आणि मी तर त्यांच्याबरोबर आलेला होतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. सांगलीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवत होतो आणि बिरू कोळेकर फिजिक्स. विश्रामबागेत एकाच घरमालकिणीची वर-खालची बिऱ्हाडं आमच्याकडे होती. मी साताऱ्याचा, लग्न न झालेला. ते लग्न झालेले, तरी एकटेच. त्यांच्या पत्नी, शालनवहिनी, मेढ्याजवळच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि मुलगा महेश त्यांच्यापाशी बारावीत. नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर त्यांना जवळ आणायचं असा बदल्यांचा नियम आहे. त्या नियमाखाली वहिनी दर वर्षी अर्ज करायच्या. दर वर्षी बदल्या जाहीर झाल्या की कोळेकर जिन्यावरूनच मला सांगायचे, "औंदा बी न्हाई, इनामदार सर." आणि वर जाऊन एकट्यासाठी भाकरी थापायचे. भाकरी मात्र फार सुरेख करत. मी तिच्या आशेने पुष्कळदा वर जायचो, हे लपवण्यात अर्थ नाही.

कोळेकरांचं घर मेंढपाळाचं, माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पुढचं. वडिलांमागे थोरला भाऊ मेंढरांत राहिला आणि धाकटा बिरू शाळेत गेला. फिजिक्स शिकवताना ते अगदी छापील मराठी बोलत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की माणदेशी. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवे बसत, त्यामुळे प्रिन्सिपॉलसाहेबांना त्यांच्याकडे बघून कसंसंच व्हायचं. हजेरी त्यांनी कधी नावं घेऊन लावली नाही. दारात उभं राहून वर्गावरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायचं, "दोघे कमी आहेत. मागच्या बाकावरचा उंच आणि त्याचा जोडीदार." ते कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नाही. पोरांनी एकदा दुसऱ्या वर्गातला मुलगा आणून बसवला, तर कोळेकर म्हणाले, "हा आपला नव्हे," आणि पुढे शिकवायला लागले.

त्यांच्या लहानपणी दिवाळी सरली की सगळं घर मेंढरांमागे खाली कृष्णाकाठाकडे उतरायचं. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, झालंच तर तान्हं मूल, सगळं एका घोड्यावर. "घोड्यावर बसलं तर आपलं. न्हाई बसलं तर ठिवून जायाचं," कोळेकर सांगायचे. त्यांची आई परातीत पातेलं, पातेल्यात तांब्या आणि तांब्यात मिठाची पुरचुंडी असं लावायची. सामान कसं बसवावं याचं त्यांना जे वेड होतं, ते तिथलं. माझी कपड्यांची ट्रंक त्यांनी एकदा न विचारता रिकामी करून पुन्हा लावून दिली. निम्मी जागा शिल्लक राहिली. मला नंतर आठवडाभर माझा टॉवेल सापडत नव्हता.

आता त्या पेटीचं. घरातल्या सगळ्या कंप्युटरांचं सामान, म्हणजे कागदपत्रं, फोटो, एका ठिकाणी सांभाळणारा एक वेगळा कंप्युटर कोळेकरांना करायचा होता. त्याला पडदा नाही, समोर बसणारा माणूस नाही. तो रात्रंदिवस कोपऱ्यात चालू राहणार. बाकीच्या खोल्यांतल्या कंप्युटरांनी वायरीतून मागायचं आणि त्याने काढून द्यायचं. मोठ्या कंपन्यांत असतं म्हणे असलं. मधल्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्याच्या मापाचा तो पुठ्ठा.

"अहो कोळेकर," मी म्हटलं, "तुमच्याकडे कंप्युटर एक, माणूस एक. मागणार कोण?"

"आज एक हाय," ते म्हणाले. "बदली झाली की तिघं. आमचं घर बगा सर कसं पांगलंय. रेशनकार्ड मेढ्यात. महेशचा जन्माचा दाखला म्हसवडला, थोरल्याच्या ट्रंकंत. लग्नाचे फोटू हितं. कायबी लागलं की कुणीतरी यष्टीत बसायचं. ती दोघं यायच्या आत सगळं एका जाग्याला आनून ठेवनार बगा मी."

मी चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर दुकानात निघालो.

दुकानात मात्र मजा असायची. दुकानदार तरुण आणि उत्साही. तो नव्यातला नवा, वेगवान प्रोसेसर दाखवायचा, स्पीकर दाखवायचा, रंगीत खोकी उघडायचा. कोळेकर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ह्याला पळायचं न्हाई, राखायचं हाय." त्यांनी घेतला तो जुना, मंद चालीचा प्रोसेसर, एका पतसंस्थेने काढून टाकलेल्या यंत्रातला. तो फार तापत नाही, डोक्यावर नुसती धातूची जाळीदार वडी बसवली की पंखा लागत नाही, आणि पंखा नाही म्हणजे आवाज नाही, धूळ नाही, बिघडायला एक कारण कमी. वीज पुरवणारा डबा त्यांनी हातात तोलून निवडला. हलका लागला की परत. "आत तांबं कमी घातलंय लबाडानं," असा निकाल. पेटी अखेर मिळाली ती चपटी, कुणीतरी मागवून न नेलेली. पुठ्ठा धरला, तर बोटभर जागा उरत होती.

"वारं खेळाय एवढी पायजेच," कोळेकर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

सामान साठवायची जी डिस्क, ती त्यांना एक नको होती, दोन हव्या होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच आपोआप दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. दुकानदाराने लगेच एकाच खोक्यातल्या दोन काढल्या. कोळेकरांनी एकच घेतली. दुसरी कराडहून घेणार म्हणाले. दुकानदार दुखावला. मी बाहेर आल्यावर विचारलं, तर सांगायला लागले, "रोगराई आली की एका जागची मेंढरं एकदम बसत्यात सर. म्हनून आमचा आबा निम्मा कळप चुलत्याच्या वाड्याला धाडायचा. ह्या दोगी एकाच दिवशी, एकाच हातानं केलेल्या. एकीला काय झालं तर दुसरीला बी तेच हुनार." मला ते पटलं. शिवाय कराडला का, हेही मला माहीत होतं.

कराड त्यांच्या संसाराच्या मध्यावर होतं. महिन्यातल्या एका रविवारी सांगलीहून हे आणि मेढ्याहून ती दोघं कराडच्या स्टँडवर उतरायची. स्टँडसमोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं. तिथे मिसळ, चहा, महेशची प्रगती, पगारातलं काय कुठे पाठवलं, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. मग दोन गाड्या, दोन दिशांना. एवढ्यात सगळा संसार बसवलेला. त्या वेळी मीही गेलो होतो, साताऱ्याला घरी जायच्या निमित्ताने.

वहिनी ठेंगण्या, सावळ्या, बोलणं तोडून. मला नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, शर्टाचं बटान तुटलंय." पिशवीतून सुईदोरा काढून तिथेच, त्यांच्या अंगावरच, बटण लावून दिलं. कोळेकर हात वर धरून बसले होते आणि पेटीबद्दल सांगत होते. महेश बाहेरच्या गाड्या बघत होता.

"किती मोठी हाय?" वहिनींनी विचारलं.

कोळेकरांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं.

"आनि त्यात सगळं बसतंय?"

"तुज्या शाळंचं कागद, ह्याचं सर्टिफिकीट, फोटू, समदं. तुला सैपाकघरात बसल्या बसल्या दिसंल."

"सैपाकघरात मी सैपाक करीन," वहिनी म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला. आम्ही हसलो. नंतर त्या मला शाळेबद्दल सांगत होत्या. पोरं डोंगरातून चालत येतात, आता मुलीही यायला लागल्यात, शाळेमागे त्यांनी शेवग्याची आणि पेरूची झाडं लावलीत. कोळेकर तेवढ्यात डिस्क आणायला बाजारात गेले होते.

पेटी सुरू झाली तो दिवस कोळेकरांनी गोड करून साजरा केला. शिरा होता. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तिच्यात पेटी चालवणारं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलं होतं. आत तीन कप्पे केले होते: शालन, महेश, बिरू. मग एकामागून एक कागद आणायचे, फोटो स्टुडिओत ते स्कॅन करून घ्यायचे आणि त्या प्रती कप्प्यात टाकायच्या, हा त्यांचा छंदच झाला. माझ्या मते ती त्यांची सोबत होती. संध्याकाळी मी वर गेलो की कोनाड्यापाशी उभे असत, तळहात पेटीवर. "कोमट हाय. बरं हाय," म्हणायचे.

मेंढरं घेऊन थोरले बंधू एकदा मिरजेच्या शिवारात उतरले, तेव्हा धाकट्याला भेटायला आले. खांद्यावर घोंगडं, डोईला लाल पटका. कोळेकरांनी त्यांना कंप्युटरसमोर बसवलं आणि वडिलांचा एकुलता एक फोटो पडद्यावर आणला. म्हातारबुवा जत्रेत काढलेल्या फोटोत रागावून बघत होते. थोरल्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आबा उभ्या जल्मात छपराखाली झोपला न्हाई. आनि तू त्येला कोनाड्यात कोंडलास व्हय रं?"

कोळेकर हसले, पण ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी मला विचारत होते, "सर, कोंडल्यागत वाटतंय का हो?" मी म्हटलं, छे. मला तसं थोडं वाटत होतं.

मेमध्ये बदलीचा हुकूम आला. मिरज तालुका. सांगलीहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं गाव. कोळेकर धावत खाली आले, आणि मला काही सांगायच्या आधी घरमालकीण आक्कांना सांगितलं, नंतर पेपरवाल्याला. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस वर नुसती ठोकाठोक. तिन्ही खोल्यांत काळी वायर फिरवली, प्रत्येक खोलीत कंप्युटर जोडायला एक एक तोंड ठेवलं. स्वयंपाकघरातलं तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर, वहिनींना पाटावर बसून कागद करायची सवय म्हणून. एवढा विचार. आक्का बघायला आल्या आणि त्यांना वाटलं, टीव्हीची केबल.

"कोळेकर, आमच्याकडं बी एक वायर सोडा की. मालिका दिसंल."

"आक्का, ह्यात मालिका न्हाई येत."

"मग येतंय काय?"

"आमचंच घर येतंय," कोळेकर म्हणाले. आक्कांना ते काही कळलं नाही. त्या महिनाभर त्यांच्यावर रुसून होत्या.

वहिनी घर बघायला आल्या, एकट्याच. महेश परीक्षा देऊन मामाकडे गेला होता. मला चहाला वर बोलावलं होतं. कोळेकरांनी त्यांना सगळं दाखवलं: हा कोनाडा, ही पेटी, ह्या दोन डिस्क, हे तुझं, हे त्याचं. वहिनी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. स्वयंपाकघरात त्या खिडकीपाशी गेल्या आणि कडी काढून ढकलली. खिडकी हलेना. वायर चौकटीच्या कोपऱ्यातून आत घेतलेली होती आणि दर वितीवर खिळा मारून पक्की केलेली.

"ही उगडत न्हाई व्हय?"

"ती एक फळी उगडती बग. ही वायरीमुळं..." कोळेकर म्हणाले.

वहिनींनी उघडणारी फळी उघडली. पलीकडे शेजारच्यांची भिंत होती. त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग चहा ओतला आणि मेढ्याला पाऊस कधी लागतो ते मला सांगत बसल्या.

शाळा सुरू व्हायच्या आत वहिनींनी बदली रद्द करून घेतली. साताऱ्याला जाऊन, साहेबांना भेटून, स्वतः. आणि ते सांगायला स्वतःच सांगलीला आल्या. मी वरच बसलो होतो, उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा सर. ह्यात लपवायजोगं काय न्हाई."

कोळेकर म्हणाले, "अगं पन अर्ज तर तूच करत व्हतीस."

"दर वरसाला करायचा म्हनून करत व्हते. सनावारासारकं. मिळंल असं कुनाला वाटलंवतं?" त्या रागावल्या नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघून बोलत होत्या. "आवं, तुमी समद्याला जागा काढलीसा. माज्या कागदाला, पोराच्या फोटूला, मामंजींना. लय निगुतीनं केलंसा. पन मला एक डाव इचारलं न्हाईसा, शालन, तू यीतीस का म्हनून. तितं माजी शाळा हाय. पोरी सातवीपातूर आल्यात आत्ता कुटं. हितं येऊन मी पाव्हनी हुनार."

कोळेकर उठले आणि कोनाड्यापाशी जाऊन उभे राहिले. पेटीवर हात ठेवला. "बरं," म्हणाले. खूप वेळाने पुन्हा एकदा म्हणाले, "बरं."

मला त्या क्षणी दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला. कोळेकरांनी तांब्या कुठे बसतो, डिस्क कुठे बसते, हे बघण्यात सारी हुशारी घातली होती. माणूस विचारून बसवायचा असतो, हे त्या हुशार माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरी कधी कुणी कुणाला विचारलंच नसेल. घोडा निघाला की सगळ्यांनी निघायचं.

महेशला कराडच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तो तिथे वसतिगृहात राहिला. घर आता तीन गावांत पांगलं. कोळेकर कॉलेजात पूर्वीसारखेच होते. फक्त वर्गाच्या दारात उभे राहिले की नजर फिरवून झाल्यावरही थोडा वेळ तसेच उभे राहत, आणि मुलं चुळबुळ करायला लागत. घरी पेटी चालूच होती. महेशने काही पाठवलं तर टाकायला हवं, म्हणायचे. महेश काही पाठवत नव्हता. मी एकदा म्हटलं, "सुट्टीत जात जा की मेढ्याला." तर म्हणाले, "बोलावलं पायजे की कुनीतरी."

दिवाळीच्या सुट्टीत मला साताऱ्यात नोकरी लागली आणि मी सांगली सोडली. माझी ट्रंक कोळेकरांनीच भरली. कराडपर्यंत मला सोडायला आले. त्यांचा कराडचा रविवारही होता. स्टँडवर वहिनी भेटल्या. महेश मित्रांबरोबर कोकणात फिरायला गेला होता, त्यामुळे आम्ही तिघंच त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. वहिनींनी डब्यातून करंज्या काढल्या.

"तुमाला बी सुट्टीच हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "काय करनार सांगलीत?"

"पेटी हाय की. लाइट जाती, येती. बगाय नगं कुनी?"

"चार दिस बंद ठिवली तर काय हुतंय?"

कोळेकर हसले, गमतीची गोष्ट ऐकल्यासारखे. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी उरलेल्या करंज्या कागदात बांधून कोळेकरांच्या पिशवीत घातल्या.

मेढ्याची गाडी साताऱ्यावरूनच जाते, तेव्हा वहिनी आणि मी एकाच गाडीत. कोळेकर माझी ट्रंक घेऊन आधी चढले, वरच्या फळीवर आडवी-उभी करून बसवली. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या, शेजारच्या जागेवर त्यांचा थैला. मी मागच्या बाकावर. गाडीत गर्दी नव्हती. कोळेकर बाकांमधल्या बोळात उभे होते, काही बोलायचं राहिलंय असे. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं.

वहिनींनी वर त्यांच्याकडे बघितलं. मग शेजारचा थैला उचलून मांडीवर घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेवरून एकदा हात फिरवला.

कोळेकर म्हणाले, "मांडीवर कशाला वझं? आन हिकडं." त्यांनी थैला घेतला, वर माझ्या ट्रंकेशेजारी ठेवला, बंद आत खोचले, ओढून बघितलं. "आता न्हाई पडत," म्हणाले, आणि भराभरा खाली उतरले.

गाडी हलली तेव्हा ते खाली खिडकीशी उभे होते, हात वर करून. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत. कंडक्टरने वहिनी आणि कोळेकरांना आत एकत्र बघितलं होतं. तो तिकिटांची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "मेढा दोन ना, बाई?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "एकच द्या."